इक्झोराचे गणगोत

आमच्या अंगणातल्या इक्झोराची पाने यंदाही पिवळी पडली. वाळून गळण्याआधी पाने पिवळी होतात, तशी ही नव्हेत. शिरा हिरव्यागार राहिल्या आहेत आणि त्यांच्यामधला भाग तेवढा लिंबाच्या सालीसारखा झाला आहे, जणू पिवळ्या कापडावर हिरव्या दोऱ्याची जाळी विणावी. सोलापुरात हे झाड लावणाऱ्या कोणालाही हे दृश्य नवे नाही. येथली काळी जमीन चुनखडीची आहे, बोअरचे पाणी जड आहे, आणि हे झुडूप मूळचे दक्षिण भारतातल्या व श्रीलंकेतल्या, भरपूर पावसाने धुतलेल्या आंबूस मातीचे. आमच्या जमिनीत लोह नाही असे नाही. परंतु चुन्याच्या संगतीत ते अशा रूपात अडकून बसते की मुळांना ते उचलता येत नाही. घरात धान्याची कणगी भरलेली असावी आणि तिचे झाकण उघडू नये, तशातला प्रकार.

रोपवाटिकेच्या मालकांनी नेहमीचा उपाय सांगितला : हिराकस पाण्यात विरघळवायचे, त्यात चिमूटभर लिंबूसत्त्व घालायचे आणि पानांवर फवारायचे. हिराकस हा शब्द माझ्या कानांना फार जुना आहे. आमच्या घरात माग होते, आणि सूत काळे रंगवायचे असले की हरडा आणि हिराकस यांचा उल्लेख निघे. तेच लोहाचे क्षार आता मी फुलझाडाला पाजतो आहे याची मला थोडी गंमत वाटली. पुढे या झाडाविषयी वाचू लागल्यावर कळले की कापड रंगवणे आणि हे झाड यांचा संबंध माझ्या पंपापुरता नाही.

मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी नाही. नोकरीची सगळी वर्षे सुताच्या व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या लिहिण्यात गेली. त्यामुळे वर्गीकरण म्हटले की मला आधी खाते वर्ग करणे आठवते : कोणती रक्कम कोणाच्या नावे, आणि चुकून दुसऱ्याच्या नावे पडली असेल तर ती तारीख घालून योग्य खात्यात कशी न्यायची. निवृत्तीनंतर या एका झुडपाच्या निमित्ताने मी ते ज्या कुळातले त्या कॉफीच्या कुळाचे वर्गीकरण वाचत गेलो, तेव्हा तेथेही नेमका हाच उद्योग अडीचशेहून अधिक वर्षे चालला आहे हे पाहून मला परक्या गावात ओळखीचे माणूस भेटल्यासारखे झाले.

आधी नावापासून सुरुवात करतो, कारण सोलापुरात एका नावाने भागत नाही. रोपवाटिकेत याला सरसकट इक्झोरा म्हणतात. मराठीत बकोरा असे एक नाव आहे. कोकणातले लोक पेंटगूळ किंवा पिटकुळी म्हणतात. आमच्या शेजारच्या अक्का तेलुगू आहेत. त्यांच्या सासऱ्यांच्या वडिलांपासूनची घराणी सोलापूरच्या पूर्व भागात मागावर वाढलेली. त्या याला ‘नूरु वरहालु’ म्हणतात, म्हणजे शंभर वराह. वराह हे विजयनगरच्या काळापासून दक्षिणेत चाललेले सोन्याचे नाणे. एका झुबक्यात चिमुकल्या चार पाकळ्यांची इतकी फुले एकाच वेळी उमलतात की कोणी मूठभर मोहरा उधळल्यासारखे दिसते. या झाडाला मिळालेल्या नावांपैकी मला हेच सर्वांत श्रीमंत वाटते, आणि ते श्रीमंत नाव विणकरांच्या वस्तीत टिकून आहे.

‘इक्झोरा’ हे नाव मात्र कोणा परदेशी वनस्पतीशास्त्रज्ञाचे किंवा राजाचे असेल असे मी पुष्कळ वर्षे धरून चाललो होतो. ते आपल्या ‘ईश्वर’ शब्दाचे पोर्तुगीज वळणाचे रूप आहे. पोर्तुगीज लिपीत ज्या अक्षराचा उच्चार ‘श’ होतो, तेच अक्षर इतर भाषांत ‘क्ष’ किंवा ‘क्झ’ असे वाचले जाते. त्यामुळे ‘ईशोरा’ लिहिलेले जगाने ‘इक्झोरा’ वाचले. मलबारात ही फुले ज्या देवाला वाहतात त्या देवाचे नाव म्हणून लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञाने 1753 साली ते आपल्या ग्रंथात या प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, दिले. लिनियसने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. सिद्धरामेश्वरांनी गावाच्या चारी बाजूंना अडुसष्ट लिंगे स्थापली असे मानणाऱ्या शहरात अर्धी अधिक घरे ईश्वराच्या नावाचे झुडूप कुंडीत लावतात आणि त्याला इंग्रजी नावाचे झाड समजतात. त्यातही आणखी एक गाठ अशी की माझी आई हे तांबडे फूल महादेवाला कधी वाहत नसे. शंकराला पांढरे, गणपतीला तांबडे, असा तिचा दंडक होता, आणि लॅटिन ग्रंथाचा पुरावा तिने मानला असता असे मला वाटत नाही.

लिनियसपुढे जो आधार होता तो आपल्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलाबारिकुस’ नावाचा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो 1678 ते 1693 या काळात ऍमस्टरडॅमला छापला गेला. त्यासाठी इट्टी अच्युतन या वैद्याने झाडांची माहिती सांगितली, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तिघा कोकणी ब्राह्मणांनीही काम केले. त्या तिघांचे कोकणीतले प्रशस्तिपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे, आणि चित्रांवर झाडांची नावे इतर लिप्यांबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. त्या ग्रंथात आपले तांबडे झुडूप ‘शेट्टी’ या मलयाळी नावाने येते. केरळात आजही त्याला चेत्ती किंवा तेच्ची म्हणतात. त्याच ग्रंथात ‘पावेट्टा’ नावाचे आणखी एक झाड आहे, पांढऱ्या फुलांचे, तेही चार पाकळ्यांचे, तेही झुबक्याचे. लिनियसने ‘पावेट्टा’ हे नावही जसेच्या तसे उचलून दुसरी प्रजाती केली. पुढच्या सगळ्या घोळाची सुरुवात या दोन शेजारच्या नोंदींपासून होते.

हा घोळ समजायचा तर फूल हातात घ्यावे लागते. मी सकाळी सात वाजता एक न उमललेली कळी खुडली, पांढऱ्या रुमालावर ठेवली आणि सुताचा नंबर पाहण्याच्या जुन्या भिंगाखाली धरली. कळीत चार पाकळ्या एकमेकींवर पिळून बसलेल्या असतात, आणि त्या पिळाची दिशा नेहमी डावी असते. मागावरच्या माणसाला सुताला डावा पीळ आहे की उजवा हे न पाहता चैन पडत नाही. झाडाच्या शास्त्रज्ञांचीही तीच खोड आहे हे मला फार आवडले. पीळ सुईच्या टोकाने उलगडला की आत एक विलक्षण व्यवस्था दिसते. फूल उमलण्याच्या आधीच परागकोश फुटलेले असतात आणि त्यांनी आपले परागकण मधल्या वर्तिकेच्या, म्हणजे स्त्रीकेसराच्या दांडीच्या टोकाला, पराग झेलणाऱ्या पण अजून मिटलेल्या वर्तिकाग्राच्या बाहेरच्या अंगाला फासलेले असतात. मग फूल उमलते, रिकामे परागकोश पाकळ्यांच्या बेचक्यांतून बाहेर वळतात, वर्तिका पुढे येते आणि लांब सोंडेच्या फुलपाखरासमोर आपल्याच नळीतून परागांची बोटे पुढे करते. परागकण वाहून गेल्यावरच त्या वर्तिकाग्राची दोन पाळी उघडतात आणि आतली ओलसर बाजू दुसऱ्या फुलाचे पराग घ्यायला तयार होते. आधी द्यायचे, मग घ्यायचे, आणि देताना आपला हात आपल्या घरात पोचू द्यायचा नाही.

पावेट्टातही परागांची मांडणी अशीच असते. पीळही तोच, पाकळ्याही चार, फुलांचा झुबकाही फांदीच्या टोकालाच. फरक पाहायचा तर पावेट्टाची वर्तिका फुलाबाहेर फारच लांब, सुईसारखी निघते आणि तिचे टोक उघडून दुभंगत नाही. इक्झोराची आखूड असते आणि तिला दोन पाळी फुटतात. पावेट्टाची पाने बहुधा पातळ, आणि त्याच्या अनेक जातींच्या पानांवर काळसर ठिपके किंवा गाठी असतात, त्यांत जिवाणू राहतात. इक्झोराचे पान जाड, आणि देठाला बुडाशी सांधा असतो. इतके सांगूनही जुन्या लोकांची गल्लत होत राहिली, आणि त्या गल्लतीची खूण एका झाडाच्या नावात कायमची राहून गेली आहे. पानझडी जंगलांत आढळणारे पांढऱ्या फुलांचे एक लहान झाड आहे. त्याच्या ओल्या फांद्याही मशालीसारख्या जळतात. त्याचे शास्त्रीय नाव ‘इक्झोरा पावेट्टा’. एका माणसाचे नाव दुसऱ्याच्या आडनावाने लावावे, तसे. हिशेबाच्या वहीत मी अशी नोंद केली असती तर मालकांनी वही माझ्या अंगावर फेकली असती.

येथे कुळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. कॉफीच्या कुळाला मराठी ग्रंथांत कदंब कुल म्हणतात आणि लॅटिनमध्ये रुबिएसी. तेरा हजारांहून अधिक जाती असलेले हे कूळ सपुष्प वनस्पतींत आकाराने चौथे आहे, आणि त्याला शास्त्रीय जागा 1789 साली जुसियू या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने दिली. ओळखायची साधी खूण अशी की पाने समोरासमोर असतात, त्यांच्या कडा अखंड असतात, आणि दोन देठांच्या मधल्या जागेत खोडावर पानासारखे एक लहानसे टोकदार अंग, म्हणजे उपपर्ण, असते. हे पाहून घेतले की अंगणातल्या अनंतापासून माळावरच्या गेळ्यापर्यंत अनेक अनोळखी झाडे एका पंगतीला बसतात. कुळाचे लॅटिन नाव आले आहे ‘रुबिया’वरून, म्हणजे मंजिष्ठेच्या प्रजातीवरून, आणि त्या शब्दाच्या मुळाशी तांबडा रंग आहे. ज्या मुळांच्या रंगाने एके काळी लाल सूत रंगत असे ती मंजिष्ठा याच कुळातली, आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत ज्याच्या मुळांसाठी शेती होत असे ती आलही याच कुळातली. 1869 पासून कारखान्यातला ऍलिझरिन हा तांबडा रंग येऊ लागला आणि ती शेती उठली. हिराकसाची गंमत मला वाटली होती ती याच कारणाने : रंगाऱ्याचे सामान रंगाऱ्याच्याच कुळातल्या झाडाला चालले होते.

आता या कुळात इक्झोराला कोठे बसवायचे, हा प्रश्न. एकोणिसाव्या शतकात जोसेफ हुकर या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने प्रत्येक कप्प्यात बीजांड एकच आहे अशा प्रजाती गोळा करून एक गण, म्हणजे कुळाच्या आतला प्रजातींचा गट, केला आणि त्याला नाव दिले इक्झोराचे. त्या गणात पावेट्टा होता आणि खुद्द कॉफीही होती. म्हणजे काही काळ जगातले सर्वांत जास्त प्यायले जाणारे बी आमच्या कुंडीतल्या झुडपाच्या नावे मांडलेले होते. पुढे कॉफी वेगळी निघाली. विसाव्या शतकात ब्रेमेकाम्प या डच वनस्पतीशास्त्रज्ञाने पावेट्टाच्या शेकडो जातींचा मोठा अभ्यास 1934 साली प्रसिद्ध केला, आणि दोन्ही प्रजातींच्या सीमा नीट आखल्या गेल्या; तरी गण मात्र पुढेही दोघांचा सामाईकच राहिला, फक्त आता तो पावेट्टाच्या नावे चालू लागला. 1998 साली पेट्रा द ब्लॉक यांनी आफ्रिकेतल्या इक्झोरांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या शीर्षकातही इक्झोरा पावेट्टाच्याच गणात आहे.

दोनच वर्षांनी, 2000 साली, आंद्रेआसेन आणि ब्रेमर या संशोधिकांनी फुलांच्या खुणांबरोबर हरितलवकातला आणि केंद्रकातला डीएनए ताडून पाहिला, आणि ती सामाईक वही फाटली. इक्झोरा आणि पावेट्टा सख्खे तर नाहीतच, जवळचे चुलतही नाहीत. पावेट्टा कॉफीच्या बाजूला जातो. इक्झोरा जातो तो वांगेरिया नावाच्या प्रजातीच्या बाजूला, म्हणजे ज्या गणात आपल्या घाटावरचे काटेरी अळू येते त्या गणाच्या शेजारी. हे भाजीचे अळू नव्हे. पाटीत घेऊन बसलेल्या बायकांकडे जी तपकिरी, गोल, कठीण बियांची आंबटगोड फळे मिळतात ती. त्या झाडाची फुले हिरवट, लहान आणि कोणी वळूनही पाहणार नाही अशी. माझ्या भिंगाखाली जी व्यवस्था मला नात्याचा भक्कम पुरावा वाटली होती, डावा पीळ, चार पाकळ्या, कळीतच फासलेले पराग, ती या दोघांना सख्खे ठरवायला पुरेशी नव्हती. अशा खुणा कुळाच्या या मोठ्या भागात दूरदूरच्या फांद्यांवरही दिसतात.

हे वाचल्यावर दोन दिवस मला चैन पडले नाही, हे कबूल केले पाहिजे. साम्य म्हणजे नाते, हा माझा फार जुना समज होता. आमच्या शहरात तर तो रोज पारखून घेता येतो. बाजारात मराठी, तेलुगू आणि कानडी बोलणारी माणसे एकाच चेहऱ्यामोहऱ्याची, एकाच उन्हाने रापलेली, एकाच ठसक्याने भाव करणारी दिसतात. लग्न ठरवायची वेळ आली की मात्र कुळे विचारली जातात आणि मग कोण तेलंगणातून मागाबरोबर आले, कोण विजापूरकडून आले, हे उघड होते. सारखे दिसणे हे एका ठिकाणी राहून, एकच काम करून येते. फुलपाखरासाठी लांब नळीचे फूल व्हायचे असेल तर वेगवेगळ्या घरांतली झाडे सारखा पोशाख करू शकतात. माणसांच्या बाबतीत कुळे विचारण्याची ही सवय मला फारशी प्रिय नाही. झाडांच्या बाबतीत मात्र तिच्यावाचून गत्यंतर नाही.

उलटी गोष्ट त्याहून रंजक आहे. इक्झोरा घरातून दूरचे नातेवाईक बाहेर गेले, तसे काही अनोळखी लोक घरचेच निघाले. न्यू कॅलेडोनियात एक झाड आहे, त्याची मोठी गुलाबी फुले फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतात. इक्झोराशी त्याचे काही जुळेना, म्हणून 1973 साली निकोला आले या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने त्याला स्वतंत्र प्रजाती केले आणि त्या बेटांवर 1774 साली पोचलेल्या कॅप्टन कुकच्या नावाने तिला ‘कॅप्टनकुकिया’ म्हटले. मॉरिशस आणि रीयुनियन बेटांवरच्या ‘मायोनिमा’ प्रजातीच्या फळांत दोनांऐवजी अधिक कप्पे असतात. न्यू गिनीत ‘व्हर्स्टीगिया’, सोसायटी बेटांवर ‘हितोआ’, मादागास्करात आणखी एक, रोड्रिग्ज बेटावर आणखी एक. ज्या नोंदी कोणत्याच खात्यात बसत नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही उचंत खाते उघडत असू; ही सगळी त्या तऱ्हेची खाती होती. 2009 साली आर्नो मूली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या इक्झोरांचा डीएनए एकत्र मांडला, तेव्हा या साऱ्या उपऱ्या प्रजाती इक्झोराच्या वंशवेलीच्या आतच फांद्या धरून बसलेल्या सापडल्या. त्यांना बाहेर ठेवायचे तर इक्झोराचेच तुकडे करावे लागले असते. म्हणून त्यांना आत घेण्यात आले. कॅप्टन कुकचे नाव गेले आणि ईश्वराचे राहिले.

त्याच अभ्यासात वेलीच्या दोन मोठ्या शाखा दिसल्या. एक आशियाची आणि पॅसिफिक बेटांची, दुसरी आफ्रिकेची आणि अमेरिकेची. आमचे तांबडे झुडूप पहिल्या शाखेतले. दुसऱ्या शाखेतल्या मादागास्करच्या जाती पाहिल्या तर आपण हे नाव कोणत्या धैर्याने सर्वांना लावतो असे वाटू लागते : काहींच्या फुलाची नळी काही मिलिमीटरांची, काहींची जवळपास वीतभर, काहींचे झुबके भरगच्च, तर काहींच्या फांदीला एकटे फूल. एकूण जाती साडेपाचशेच्या आसपास मानल्या जातात. मराठीत ‘नावे ठेवणे’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत, आणि या शास्त्रातले लोक दोन्ही अर्थांनी नावे ठेवतात. परंतु आधीच्याने ठेवलेले नाव चुकले तर ते लपवत नाहीत. जुने नाव नव्या नावाखाली समानार्थी म्हणून वर्षासह लिहून ठेवतात. खोडलेली रक्कम वाचता येईल अशीच खोडायची, असे मला माझ्या पहिल्या मुनीमजींनी शिकवले होते.

आमच्या कुंडीत नेमकी कोणती जात आहे हे मी शेवटी पाहिले. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणाहून आणलेले रोप ‘तांबडा, देशी’ म्हणून पैसे घेऊन दिलेले होते आणि ते पिवळट नारिंगी निघाले. तेव्हापासून मी विक्रेत्याच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवत नाही. अंगणातल्या झुडपाचे पान देठाशिवाय थेट खोडाला चिकटलेले आहे, त्याचा बुडखा किंचित हृदयाकार आहे, आणि पाकळ्यांची टोके अणकुचीदार आहेत. म्हणजे ही लिनियसचीच ‘कॉक्सिनिया’. नारिंगी रोपाच्या पाकळ्या मात्र गोल टोकाच्या आणि पानाला आखूड देठ, ही खूण चिनी जातीकडे बोट दाखवते. बागांतली पुष्कळ रोपे संकरित असतात, त्यामुळे त्याच्यापुढे मी नाव न लिहिता पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.

बागेतल्या या झुडपांना सहसा फळ धरत नाही, निदान आमच्याकडे तरी इतक्या वर्षांत धरले नव्हते. यंदा हिराकसाच्या दुसऱ्या फवारणीनंतर पाने हिरवी झाली आणि एका झुबक्यात वाटाण्याएवढी दोन फळे राहिली; आधी लाल, मग काळपट जांभळी. एक मी अक्कांच्या समोर फोडले. आत दोन बिया, एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या. बाहेरून गोलसर, आणि आतल्या बाजूला प्रत्येकीत एक मोठा खळगा, चमच्याने कोरून काढल्यासारखा. धाकट्या सुनेने चिकमंगळूरहून आणलेल्या न भाजलेल्या कॉफीचा दाणा मी त्यांच्याशेजारी ठेवला. त्याच्या सपाट बाजूवर खळगा नव्हता, उभी चीर होती. अक्कांनी दोन्ही तळहातावर घेऊन उलटसुलट केले आणि विचारले, “भाऊ, ह्या दोघी बहिणी का?” मी म्हटले, “लांबच्या, अक्का. कॉफीची जवळची दुसरीच आहे, आणि ती या बाईसारखी दिसते.” त्यांना यात नवल वाटण्यासारखे काही दिसले नाही. कॉफीचा दाणा त्यांनी मला परत दिला, नूरु वरहालुची एक बी पदराच्या टोकाला बांधली, आणि दुसरे फळ पुरते पिकल्याशिवाय तोडू नका असे बजावून त्या घरी गेल्या.